फाल्त्सची सेंद्रिय वाइन: कुठून घ्यावी आणि कुठून घेऊ नये

जर्मनीतल्या हायडेलबर्गहून निघून ऱ्हाइन नदी ओलांडली की तासाभराच्या आत फाल्त्स या वाइनप्रदेशाचे द्राक्षमळे सुरू होतात. वाल्डोर्फच्या सॉफ्टवेअर उद्योगामुळे या पट्ट्यात मराठी घरे बरीच आहेत आणि कोणाच्याही घरी जेवायला जमलो की सेंद्रिय वाइन नेमकी कुठून घ्यावी, हा प्रश्न माझ्याकडे येतो. गेल्या वर्षभरात मी सुपरमार्केट, सेंद्रिय मालाचे दुकान, एक ऑनलाइन विक्रेता आणि थेट बागायतदाराचे घर अशा चार ठिकाणांहून चाळीसेक बाटल्या घेतल्या. त्यांचा हा हिशेब आहे. आमचे घराणे निफाड तालुक्यातले, द्राक्षबागायतदारांचे. त्यामुळे माझे लक्ष बाटलीच्या आधी बागेकडे जाते, हे वाचकांनी गृहीत धरावे.

दुकानांची तुलना करण्यापूर्वी लेबलाविषयी थोडे लिहिणे आवश्यक आहे, कारण फसगत बहुतेक वेळा तिथेच होते. युरोपीय संघात ‘बिओ’ आणि ‘ओको’ हे सेंद्रियसाठीचे शब्द कायद्याने संरक्षित आहेत. ‘नैसर्गिक’, ‘निसर्गस्नेही’, ‘पर्यावरणाची काळजी घेऊन पिकवलेली’ यांसारख्या शब्दांना तसे संरक्षण नाही. खात्रीची खूण म्हणजे बारा ताऱ्यांनी रेखलेले हिरवे पान. ते पान बाटलीवर येण्यासाठी बागेला तीन वर्षांच्या रूपांतरकाळातून जावे लागते. शिवाय २०१२ च्या हंगामापासून नियम तळघरातही, म्हणजे वाइन बनवण्याच्या टप्प्यावरही, पोहोचले आहेत. त्याआधी युरोपात फार तर ‘सेंद्रिय द्राक्षांपासून केलेली वाइन’ एवढेच लिहिता येत असे. पानाजवळ तपासणी संस्थेचा क्रमांक असतो, जर्मनीत ‘डीई-ओको’ आणि पुढे तीन आकडे. हा क्रमांक शेवटची प्रक्रिया करणाऱ्याच्या, म्हणजे बहुधा बाटल्या भरणाऱ्याच्या तपासणीचा असतो. द्राक्षे स्पेनची आणि क्रमांक जर्मनीचा असे सहज घडू शकते, म्हणून त्याखालची द्राक्षे कुठे पिकली हे सांगणारी बारीक ओळ वाचल्याशिवाय बाटली टोपलीत टाकू नये.

सेंद्रिय म्हणजे फवारणीच नाही, असा समज आपल्याकडे सुशिक्षितांतही आढळतो. मी पहिल्यांदा काकांना व्हिडिओ कॉलवर इथली सेंद्रिय बाग दाखवली, तेव्हा ओळींमधले गुडघाभर गवत पाहून त्यांना आधी मजुरांची टंचाई असावी असे वाटले आणि मग वेलींच्या पानांवरची निळसर झाक दिसताच ते म्हणाले, “अरे, मोरचूद मारतातच की!” त्यांचे बरोबर होते. मोरचूद, म्हणजे तांब्याचा निळा क्षार, आणि चुना यांचे बोर्डो मिश्रण फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात केवडा या बुरशीच्या रोगावर, ज्याला बागायतदार नुसते ‘डाऊनी’ म्हणतात, उपाय म्हणून पुढे आले. निफाडच्या बागांत ते आजही कालवले जाते, आणि इथल्या सेंद्रिय बागायतदाराचे मुख्य हत्यारही तांबेच आहे, त्याच्या जोडीला भुरी या दुसऱ्या बुरशीरोगासाठी गंधक. अडचण अशी की तांबे पानाच्या पृष्ठभागावरच राहते. आंतरप्रवाही औषधासारखे ते आत शिरत नाही, त्यामुळे मोठा पाऊस झाला की धुऊन जाते आणि पुन्हा मारावे लागते. ते जमिनीत साचत जाते आणि गांडुळांना मानवत नाही, म्हणून युरोपीय संघाने हेक्टरी सात वर्षांत २८ किलो, म्हणजे सरासरी वर्षाला ४ किलो, अशी मर्यादा घातली आहे. पोटॅशियम फॉस्फोनेट हे दुसरे साधन इथल्या सेंद्रिय बागायतदारांच्या हाती होते, तेही २०१३ मध्ये गेले आणि ते परत मिळावे ही त्यांची मागणी अजून संपलेली नाही. २०१६ च्या ओल्या हंगामात त्यांच्यातील अनेकांचे पीक केवड्याने खाल्ले. हे ठाऊक असले की बाटलीमागे दोन-तीन युरो जास्त मोजताना हात तेवढा आखडत नाही.

सल्फाइटचे, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घातल्या जाणाऱ्या गंधकाच्या संयुगाचे, प्रकरण याहून जास्त गैरसमजाचे आहे. आंबवण्याच्या क्रियेत यीस्ट स्वतःच थोडे सल्फाइट तयार करते आणि लिटरमागे १० मिलिग्रॅमच्या वर प्रमाण गेले की तसा उल्लेख करावा लागतो, म्हणून तो सेंद्रिय बाटलीवरही जवळजवळ नेहमी असतो. फरक कमाल मर्यादेचा आहे: पूर्ण कोरड्या लाल वाइनला एरवी लिटरमागे १५० मिलिग्रॅमपर्यंत परवानगी असते, सेंद्रियला १०० पर्यंत, पांढरीसाठी हेच आकडे २०० आणि १५० आहेत. वाइनमधल्या सल्फाइटने डोके दुखते म्हणणारे आमचे एक स्नेही तासगावचा पिवळाधमक बेदाणा मूठमूठ खातात, आणि तो रंग राखण्यासाठी बेदाण्याला गंधकाची धुरी देतात हे त्यांना सांगण्याचा धीर मला अद्याप झालेला नाही.

शाकाहारी वाचकांसाठी मात्र एक गोष्ट खरोखर महत्त्वाची आहे. वाइन नितळ करण्यासाठी अंड्याचा पांढरा बलक, दुधातले केसीन, जिलेटीन किंवा माशाच्या वाताशयापासून काढलेला सरस वापरण्याची पद्धत जुनी आहे, आणि सेंद्रिय नियमांत या पदार्थांना मुभा आहे. ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार झालेल्या वाइनसाठी घटकांची यादी देणे बंधनकारक झाले, बाटलीवरचा क्यूआर कोड बहुधा तिच्यासाठीच असतो; पण माशाचा सरस त्या यादीतही दिसत नाही, कारण तो घटक न मानता प्रक्रियेचे साधन मानला जातो. शाकाहार पाळायचा असेल तर हिरव्या पानावर विसंबू नये, ‘व्हीगन’ ही वेगळी खूण शोधावी. बरेच लोक आता बेंटोनाइट नावाची माती वापरतात, त्यामुळे अशा बाटल्या दुर्मीळ नाहीत.

आता दुकाने. सुपरमार्केटविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चार-पाच युरोंना मिळणाऱ्या सेंद्रिय बाटल्या बहुतेक स्पेन किंवा इटलीच्या असतात. त्या भागांत उन्हाळा कोरडा असल्याने केवड्याचा त्रास कमी, म्हणून सेंद्रिय पिकवणे स्वस्त पडते, हे त्या किमतीचे प्रामाणिक कारण आहे. मी घेतलेल्या आठ बाटल्यांपैकी एकही वाईट नव्हती आणि एकीचेही नाव आज आठवत नाही. मटणाच्या रश्श्यासोबत पाहुण्यांना द्यायला त्या पुरेशा आहेत.

सेंद्रिय मालाच्या दुकानात निवड चांगली आणि किंमत सात ते अकरा युरोंच्या घरात असते. तिथला खरा फायदा असा की विक्रेत्याला विचारता येते. आमच्या जवळच्या दुकानातल्या बाई प्रत्येक बाटली कोणत्या संघटनेची आहे हे न पाहता सांगतात: १९८५ पासून सेंद्रिय द्राक्षबागायतदारांचीच संघटना असलेल्या इकोविनची, बायोलांडची की डेमेटरची. या संघटनांचे नियम युरोपीय किमान नियमांहून कडक आहेत. डेमेटर ही बायोडायनॅमिक पद्धतीची खूण. या पद्धतीचा उगम रुडॉल्फ स्टायनर यांच्या १९२४ च्या व्याख्यानांत आहे आणि तीत गाईच्या शिंगात शेण भरून ते हिवाळाभर जमिनीत पुरतात. इथले सहकारी हे ऐकून हसतात. जीवामृताच्या पिंपात काठी फिरवलेल्या माणसाला हसू येत नाही, परंतु त्यामुळे वाइनची चव सुधारते असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. वाखेनहाइमचे बुर्कलिन-वोल्फ हे मोठे घराणे २००५ पासून याच पद्धतीने बागा राखते आणि त्यांचा रीसलिंग, म्हणजे त्याच नावाच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन, उत्तम असतो. तो उत्तम असण्यात जमिनीचा वाटा किती आणि शिंगाचा किती, हे मला चवीवरून ओळखता आलेले नाही. दुकानाची उणीव एवढीच की पांढऱ्या वाइनच्या बाटल्या खिडकीपाशी, थेट उन्हात मांडलेल्या असतात. मी नेहमी मागच्या रांगेतली मागतो.

ऑनलाइन अनुभव मात्र कटू होता. ‘शुद्ध नैसर्गिक, काहीही न मिसळलेली’ अशा जाहिरातीला भुलून मी एका विक्रेत्याकडून सहा बाटल्यांची पेटी मागवली. पेटी आल्यावर पाहिले तर चार बाटल्यांवर हिरवे पान नव्हते. जाहिरात पुन्हा वाचली तेव्हा लक्षात आले की तिच्यात सेंद्रिय हा शब्द कुठेच नव्हता, तो मी मनाने भरला होता. इथवर चूक माझी. पण दोन बाटल्यांत आंबवण्याची क्रिया पुन्हा सुरू झाली होती, उघडताच फसफसून फेस वर आला, आणि एकीला घोट गिळल्यानंतर काही क्षणांनी जिभेच्या मुळाशी उंदराच्या बिळासारखी एक घाण चव येऊ लागली. सल्फाइट न घातलेल्या वाइनमध्ये जिवाणूंमुळे येणारा हा दोष आहे आणि जर्मन लोक त्याला उंदरावरूनच नाव देतात. विक्रेत्याचे उत्तर आले की जिवंत वाइनचा हा स्वभावच आहे. पैसे परत मिळाले नाहीत. तेव्हापासून सल्फाइट न घातलेली वाइन मी चाखून पाहिल्याशिवाय घेत नाही.

राहता राहिले बागायतदाराचे घर, आणि माझा कौल निःसंशय तिकडेच आहे. उत्तरेला बोकेनहाइमपासून दक्षिणेला फ्रान्सच्या सीमेवरील श्वाइगेनपर्यंत सुमारे ८५ किलोमीटरचा जो वाइनमार्ग १९३५ मध्ये आखला गेला, त्याच्या दोन्ही बाजूंच्या गावांत घरोघरी विक्री चालते; फाटकावर पाटी असते, घंटा वाजवायची आणि थांबायचे. मी ज्या घरी पाच वेळा गेलो, तिथे विक्रीची खोली म्हणजे जुना गोठा आहे. मालकीणबाई हात पुसत येतात, फळीवर पाच-सहा पेले मांडतात आणि बाटलीविषयी बोलण्याआधी हवामानाविषयी बोलतात. जूनमध्ये गेलो तेव्हा त्यांनी घराला लागूनच्या ओळीतले एक पान तोडून माझ्या हातात दिले. वरच्या बाजूला तेल सांडल्यासारखा पिवळट डाग होता. पान उलटले तर नेमका त्याच्यामागे पांढरा कापसासारखा थर. हे मला निफाडला वयाच्या आठव्या वर्षी दाखवले गेले होते. मी “डाऊनी” म्हणालो, त्यांनी जर्मन नाव सांगितले आणि आमचे पुढचे बोलणे सोपे झाले.

त्यांनी सांगितले की त्या वर्षी रीसलिंगवर तोवर सहा फवारण्या झाल्या होत्या आणि शेजारच्या ओळींवर एकच. शेजारच्या ओळी ‘पिवी’ वाणांच्या होत्या, म्हणजे बुरशीला दाद न देणाऱ्या संकरित द्राक्षांच्या. यांपैकी लाल रेगेंट हा वाण याच प्रदेशात, झीबेल्डिंगेनजवळच्या गाइलवायलरहोफ संशोधन केंद्रात १९६७ मध्ये केलेल्या संकरातून आला. पांढऱ्यांमध्ये कॅबर्ने ब्लां आणि सोलारिस ही नावे आता बऱ्याच पाट्यांवर दिसतात. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेचा ‘एआरआय-५१६’ हा वाणही बुरशीला तोंड देणारा आणि अमेरिकी द्राक्षाच्या संकरातून काढलेला आहे, हे मी सांगितल्यावर त्यांनी नाव लिहून घेतले. ज्याला सेंद्रियतेची खरोखर चाड आहे, त्याने माझ्या मते रीसलिंगच्या मोहातून थोडे बाहेर येऊन हेच वाण घ्यावेत, कारण इथे तांबे आणि ट्रॅक्टरचे डिझेल दोन्ही वाचते. चवीत सगळेच जमलेले नाही: त्या घरच्या रेगेंटला रंग गडद आहे पण घोट मध्येच तुटतो. कॅबर्ने ब्लां मात्र साडेआठ युरोंत मिळालेली वर्षातली माझी सर्वांत चांगली खरेदी ठरली. कच्च्या पेरूचा आणि नुकत्याच कापलेल्या हिरव्या मिरचीचा वास, पाठोपाठ लिंबासारखा आंबटपणा. कोथिंबीर-वडी किंवा सुरळीच्या वडीबरोबर ती जशी बसली, तशी दुसरी कोणतीही वाइन आमच्या जेवणात बसली नाही.

जाणाऱ्यांसाठी काही व्यावहारिक गोष्टी. लेबलावर ‘गुट्सआबफ्युलुंग’ असेल तर वाइन त्याच घरच्या द्राक्षांची, त्याच घरी केलेली असते. नुसते ‘आबफ्युलर’ असेल तर तो फक्त बाटल्या भरणारा. चाखण्याचे पैसे बहुधा घेत नाहीत, परंतु सहा पेले चाखून एक बाटली घेणे शोभत नाही. गाडी चालवणाऱ्याने चाखून थुंकावे, त्यासाठी भांडे ठेवलेले असते आणि त्यात कोणी कमीपणा मानत नाही. भारतात नेताना माणशी दोन लिटरच शुल्कमुक्त, म्हणजे पाऊण लिटरच्या दोन बाटल्या. सप्टेंबरमध्ये काढणी चालू असते, तेव्हा फोन केल्याशिवाय जाऊ नये. तेव्हा गेल्यास मात्र अजून आंबत असलेला गढूळ, गोड फेडरवाइसर मिळतो, तोही सेंद्रिय. त्यातला वायू बाहेर पडावा म्हणून बाटलीचे झाकण मुद्दाम सैल ठेवलेले असते, ती उभीच ठेवावी असे बाईंनी दोनदा बजावले होते, आणि तरीही मी ती डिकीत आडवी ठेवली. गाडीला पुढे महिनाभर ताडीच्या दुकानाचा वास येत होता.