नोटेशन बुक : कागद उत्तम, प्रूफ कोणी वाचलं नाही

कोल्हापुरात महाद्वार रोडवरच्या एका खेळाच्या साहित्याच्या दुकानातून नातीसाठी बुद्धिबळाचं नोटेशन बुक, म्हणजे डावातल्या चाली लिहून ठेवायची वही, घेतलं. १२० रुपये, ५० डावांचं. कंपनीचं नाव लिहीत नाही. मी ३४ वर्षं शाहूपुरीत एका प्रेसमध्ये होतो, आधी खिळे जुळवायला, नंतर ऑफसेटला. त्यामुळं छापील वस्तू हातात आली की आधी कागद चोळून बघायची खोड आहे.

कागद चांगला आहे. जेलपेनाची शाई पसरत नाही, मागं उतरत नाही. स्पायरल असल्यानं वही टेबलावर सपाट बसते, पोरांना डाव्या हातानं दाबून धरावी लागत नाही. एका पानावर ६० चाली मावतात. खाली कार्बनलेस दुसरी प्रत आहे, ती फाडून आयोजकांना द्यायची. परफोरेशन सरळ, पान तिरकं फाटत नाही. मधे घालायला पुठ्ठाही दिलाय, नाहीतर एका डावाची चाल पुढच्या डावावर उमटली असती. इथपर्यंत तक्रार नाही.

तक्रार मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला आहे. तिथं सोंगट्यांच्या अक्षरांचा तक्ता छापलाय. किंगला के, क्वीनला क्यू, रूकला म्हणजे हत्तीला आर, बिशपला म्हणजे उंटाला बी, आणि नाईटला म्हणजे घोड्याला पुन्हा के! नात नवी आहे. इचलकरंजीच्या स्पर्धेत तिनं घोडा काढला आणि इमानानं लिहिलं, ‘के एफ ३’, म्हणजे वाचणाऱ्याला राजा एफ ३ या घरात. आर्बिटरनी, म्हणजे पंचांनी, वाकून पाहिलं आणि म्हणाले, “काय गं, पहिल्याच चालीत राजा उडवलास?” बाहेर येऊन मला म्हणाली, “आबा, मी तर पुस्तकात बघूनच लिहिलो की.”

चूक कशी झाली असेल ते मला कळतं. ज्यानं तक्ता जुळवला त्यानं स्पेलिंग बघितलं, आणि नाईटच्या स्पेलिंगात पहिला के आहेच. जुन्या इंग्रजीत तो के म्हणायचेसुद्धा. पुढं बोलण्यातून गेला, लिहिण्यात राहिला. पण के राजानं आधीच घेतलेला, म्हणून घोड्याला कानाला ऐकू येणारं पहिलं अक्षर दिलं, एन. मी तरुणपणी वाचनालयातल्या जुन्या इंग्रजी पुस्तकांवरून शिकलो, त्यांत घोडा ‘केटी’ असायचा, म्हणजे के आणि टी जोडून. ती पद्धतच निराळी होती. प्याद्यालाही पी होता, आणि प्रत्येक घराला दोन नावं, एक पांढऱ्याकडून मोजलेलं, एक काळ्याकडून. १९८१ पासून फिडेनं, म्हणजे जागतिक बुद्धिबळ संघटनेनं, ती मानायची बंद केली. आता घराला एकच नाव आणि प्याद्याला अक्षरच नाही. नुसतं ‘ई ४’ लिहिलं की प्यादं समजायचं.

ही भानगड सगळीकडं नाही. जर्मन लोक घोड्याला ‘श्प्रिंगर’ म्हणतात, उडी मारणारा, म्हणून त्याला एस. राजाशी भांडण नाही. रशियनमध्ये राजा ‘करोल’ आणि घोडा ‘कोन्’, दोन्ही क वरच. तिथं घोड्यानं एकट्यानं क घेतला आणि राजाला दोन अक्षरं लिहावी लागतात. स्पॅनिशमध्ये आपल्या उंटाला ‘अल्फिल’ म्हणतात, जो मूळ अरबी हत्ती आहे! रशियनही त्याच सोंगटीला हत्तीच म्हणतात. आपला हत्ती मात्र कोपऱ्यात.

आणि आता आपलं बघा. राजा, वजीर, हत्ती, उंट, घोडा. र, व, ह, उ, घ. एकही अक्षर दुसऱ्यावर चढत नाही. फिडेच्या नियमात प्रत्येक खेळाडूला आपल्या देशात चालणाऱ्या नावाचं पहिलं अक्षर वापरायची मुभा आहे. म्हणजे तक्त्यात मराठीचा एक रकाना सहज बसला असता. जागा होती. तिथं कंपनीनं घाऊक ऑर्डरसाठी मोबाईल नंबर छापलाय.

दुसराही फायदा झाला असता. काळ्याच्या उंटानं सी ३ वरचा घोडा मारला आणि लगेच पांढऱ्यानं बी पट्टीतल्या प्याद्यानं तो उंट मारला, तर वहीत लागोपाठ दोनदा बी. पहिला उंटाचा, मोठ्या लिपीतला, दुसरा प्याद्याच्या पट्टीचा, लहान. आमच्याकडं इंग्रजी खिळ्यांच्या दोन वेगळ्या केस, म्हणजे कप्प्यांच्या पेट्या, असायच्या, मोठी अक्षरं वरच्या केसमध्ये आणि लहान खालच्या, हात चुकायचा नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या हातात कुठली केस? तिचे दोन्ही बी सारखेच. उंटाला उ असता तर प्रश्नच मिटला. नातीला हे सगळं सांगितलं, तर म्हणाली, मोबाईलवर डाव चढवताना इंग्रजी अक्षरंच लागतात. ते खरं आहे.

तर वही घ्यावी का? घ्या, या किमतीला असा कागद मिळत नाही. पाचातले तीन स्टार. दोन प्रूफ न वाचल्याबद्दल कापले. तक्ता दुरुस्त करून मगच पोरांच्या हातात द्या.

मी दुकानात परत गेलो आणि मालकांना दाखवलं. ते म्हणाले, “काका, एवढ्या वह्या गेल्या, कोण वाचलंच न्हाई हे.” मग कपाटातनं उरलेल्या सात प्रती काढून माझ्यापुढं ठेवल्या आणि खिशातलं पेन दिलं. काउंटरवर उभ्याउभ्या सातही दुरुस्त केल्या, चहा त्यांचा. तुम्हाला निळ्या शाईत के खोडून एन केलेली वही मिळाली, तर ती त्यातलीच.