नववीच्या वर्गात सेव्हर्न की रोझलिंग?

ऑफ तासाला दाखवायची माझी दोन भाषणं ठरलेली. एक कॅनडाच्या सेव्हर्न कलिस-सुझुकी या मुलीचं: १९९२, पर्यावरणावरची रिओची वसुंधरा परिषद, वय वर्षं १२. दुसरं हान्स रोझलिंग या स्वीडिश डॉक्टरांचं, जगाच्या आकडेवारीवरचं, २००६ च्या टेड या भाषणांच्या परिषदेतलं.

सेव्हर्न सहा-सात मिनिटांत आटपते. भांडू नका, वाटून घ्या, पसारा आवरा, असं आम्हाला शिकवता आणि स्वतः उलटं वागता, हा तिचा मोठ्यांना सवाल. मुलं लगेच पेटतात. पण चर्चा बहुतेक वेळा ‘झाडं लावा’वर येऊन बसते.

रोझलिंग वीस मिनिटं घेतात, इंग्रजी स्वीडिश वळणाचं; मागची बाकं चुळबुळतात. म्हणून मी सुरुवातीच्या प्रश्नालाच पॉज करते. श्रीलंका आणि तुर्कस्तान, बालमृत्यू कुठे जास्त? हात वर करायला लावून फळ्यावर आकडे मांडते. मतं श्रीलंकेच्या नावावर धो धो. त्यांच्या आकडेवारीत उत्तर तुर्कस्तान, तेही दुपटीने! मग ‘असं कसं बाई?’ सुरू होतं, आणि त्यात आईचं शिक्षण, गावचं आरोग्य केंद्र, आशाताई सगळं येतं. (स्वीडनचे हुशार विद्यार्थीही यात आपटले होते, हे ऐकून वर्ग खूश.)

एकच तास हातात असेल तर रोझलिंग. निबंध लिहून घ्यायचा असेल तर सेव्हर्न.