घटस्फोटाचा दावा: स्वतः चालवावा की वकील द्यावा?

कुटुंब न्यायालय अधिनियम, १९८४ च्या कलम १३ नुसार कुटुंब न्यायालयात वकिलामार्फत बाजू मांडणे हा पक्षकाराचा हक्क नाही. त्यासाठी न्यायालयाची परवानगी लागते. ती मागितल्यास सहसा मिळते, त्यामुळे निर्णय शेवटी आपल्याकडेच येतो आणि तो घटस्फोट संमतीचा आहे की वादाचा, यावर बेतावा.

हिंदू विवाह अधिनियमाच्या कलम १३-ब खालील संमतीचा अर्ज स्वतः चालवणे अवघड नाही. पती-पत्नी किमान वर्षभर वेगळे राहिलेले असावे लागतात. अर्जानंतरचा सहा महिन्यांचा प्रतीक्षाकाळही योग्य प्रकरणात माफ होऊ शकतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये अमरदीप सिंग खटल्यात म्हटले आहे. खरी मेख तडजोडीच्या अटींत असते. हुकूमनामा (न्यायालयाचा अंतिम निर्णय) होईपर्यंत कोणीही संमती मागे घेऊ शकते. त्यामुळे ठरलेली रक्कम कोणत्या टप्प्यावर द्यायची, कर्ज चालू असलेल्या सदनिकेचे हप्ते कोण भरणार, स्त्रीधन कधी परत होणार आणि आधीच्या फौजदारी तक्रारींचे काय, हे सारे अटींतच स्पष्ट लिहिलेले हवे. संमतीने झालेल्या हुकूमनाम्यावर कुटुंब न्यायालय अधिनियमानुसार अपील करता येत नाही. म्हणून तारखांना स्वतः उभे राहावे, पण अटींचा मसुदा मात्र वकिलाकडून करून घ्यावा, असे माझे मत आहे; तेवढ्यापुरती फी पूर्ण दाव्याच्या फीपेक्षा बरीच कमी पडते.

वादाच्या दाव्यात चित्र पालटते. कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, मुदतीत द्यावी लागते, आणि पोटगीसाठी २०२० च्या रजनीश विरुद्ध नेहा निकालानुसार उत्पन्न व मालमत्तेचे शपथपत्र भरावे लागते. एवढे चिकाटीने जमते. उलटतपासणी मात्र निराळी: ज्या माणसाबरोबर संसार केला त्यालाच साक्षीच्या पिंजऱ्यात शांतपणे, मुद्द्याला धरून प्रश्न विचारणे फार थोड्यांना साधते, आणि ज्या विधानाला आव्हान दिले नाही ते मान्य असल्याचा अर्थ निघू शकतो. मुलांच्या ताब्याचा वाद असेल तर स्वतः लढू नये.

केवळ खर्चामुळे वकील टाळणाऱ्या स्त्रियांनी मोफत वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे; १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार त्यांना उत्पन्नाची अट नाही. वकील मध्येच दिला तरी चालतो, मात्र उलटतपासणी आटोपलेल्या साक्षीदाराला पुन्हा बोलावण्यासाठी वेगळा अर्ज करावा लागतो आणि तो मंजूर होईलच असे नाही.