चौघांचं कुटुंब आणि नाइटजेट: कुशेट की स्लीपर?

व्हिएन्नाहून रोमला नाइटजेटने, म्हणजे ऑस्ट्रियन रेल्वेच्या रात्रीच्या गाडीने जायचं, सोबत दोन मुलं. मग कुशेट (साध्या बर्थचं कंपार्टमेंट) घ्यावं की स्लीपर (त्याहून आरामाचं, महाग कंपार्टमेंट)?

स्लीपरचा थाट वेगळाच. गादी-पांघरूण तयार, कंपार्टमेंटमध्येच बेसिन, सकाळी यादीतून निवडलेला नाश्ता. डीलक्स घेतलं तर शॉवर आणि टॉयलेटही आत. पण एका कंपार्टमेंटमध्ये फार तर तिघं मावतात. म्हणजे चौघांना दोन कंपार्टमेंट घ्यावी लागतात, खर्च वाढतो आणि रात्री आई एकीकडे, बाबा दुसरीकडे.

कुशेटमध्ये चार बर्थ असलेलं अख्खं कंपार्टमेंट आपल्याला घेता येतं. दार आतून लावलं की घर झालं! बर्थ अरुंद, चादर आपणच अंथरायची, टॉयलेट कॉरिडॉरच्या टोकाला. नाश्ता साधाच, पाव आणि चहा-कॉफी. वरच्या बर्थवर बसलं की मोठ्यांचं डोकं छताला टेकतं, मुलांना मात्र तीच जागा हवी असते आणि शिडीवरून दहादा वर-खाली चालतं. धाकट्याला खालीच झोपवा. मोठी बॅग आत ढकलण्याआधी रात्रीचे कपडे आणि ब्रश वेगळे काढून ठेवा, नंतर ती उघडायला जागाच उरत नाही.

माझं मत कुशेटला. तान्हं बाळ असेल तर मात्र बेसिनसाठी स्लीपर.