एअरबॅगचे कोड वाचणारा स्कॅनर, जुन्या गाडीवर बरेच महिने वापरल्यावर

एसआरएस म्हणजे एअरबॅग-सीटबेल्टच्या सिस्टिमचे फॉल्ट कोड वाचणारा स्कॅनर घेऊन बरेच महिने झाले, उन्हाळा-पावसाळा दोन्ही बघून झाले, म्हणून आता सविस्तर लिहितोय. गाडी जुनी, दहा वर्षांच्या वर, रोजचं जळगाव-भुसावळ. एअरबॅगचा दिवा चावी फिरवल्यावर काही सेकंद लागून विझायला पाहिजे, माझ्यावाल्या गाडीत तो विझायचाच नाही. ओळखीचे सगळे म्हणे, "काही व्हत नई भो, दिवानी वायर काढी टाक". हात जोडून सांगतो, असं करू नका. दिवा लागलेला म्हणजे सिस्टिमनेच फॉल्ट पकडलाय आणि अशा वेळी धडक झाली तर बॅग उघडेल याचा भरवसा नाही, घरचे लोक त्याच गाडीत बसतात राव.

स्वस्तातलं ब्लूटूथ डोंगल इथं चालत नाही. ते इंजिनचे पी-वाले कोड वाचतं, एअरबॅगचे कोड बहुतेक गाड्यांत बी-ने सुरू होतात, त्यासाठी एसआरएस सपोर्टवालाच स्कॅनर बघा. मला कोड आला ड्रायव्हर साईड एअरबॅग सर्किट, रेझिस्टन्स जास्त. एका गॅरेजवाल्याने तेवढ्यावरूनच मॉड्यूल (एअरबॅगचा कंट्रोल बॉक्स) बदला म्हणून सांगितलं, पण कोड फक्त सर्किट सांगतो, पार्ट सांगत नाही. त्या एका लाईनीत बॅग आहे, स्टिअरिंगमधली क्लॉकस्प्रिंग आहे, वायरिंग आहे, पिवळे कनेक्टर आहेत, मॉड्यूल आहे, कुठेही सुटलं तरी कोड तोच.

स्कॅनरचे पैसे वसूल झाले ते लाईव्ह डेटात, म्हणजे सर्किटचे त्या क्षणाचे आकडे स्क्रीनवर दिसतात तिथं. स्टिअरिंग सरळ असताना रेझिस्टन्स दोन ओहमच्या जरा वर, हळूहळू डावीकडे फिरवत गेलो तर आकडा हलायला लागला आणि शेवटाला एकदम ओपन, म्हणजे सर्किट तुटलेलं, त्याच जागी हॉर्नही बंद. परत सरळ केलं की दोन्ही चालू. क्लॉकस्प्रिंगमध्ये घड्याळाच्या स्प्रिंगसारखी गुंडाळलेली चपटी केबल असते, बॅग आणि हॉर्न दोघांच्या वायरी तिच्यातूनच जातात, म्हणून संशय तिथंच पक्का झाला.

खात्री आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन आप्पांनी केली. बॅटरीची निगेटिव्ह काढली, मॅन्युअलमध्ये दिलाय तेवढा वेळ थांबले कारण मॉड्यूलच्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो, मग बॅग काढून कव्हरची बाजू वर करून लांब ठेवली आणि तिच्या जागी दोन ओहमचा रेझिस्टर लावला. तरी स्टिअरिंग फिरवल्यावर कोड आलाच, म्हणजे बॅग बरी. नंतर तोच रेझिस्टर क्लॉकस्प्रिंगच्या खालच्या कनेक्टरला लावला, दर वेळी बॅटरी काढूनच, आणि कोड पुसल्यावर परत आला नाही, म्हणजे दोष क्लॉकस्प्रिंगचाच. बॅगच्या पिनांना मल्टीमीटर मात्र कधीच लावू नका, मीटरच्या करंटनेही बॅग उडू शकते. नवीन क्लॉकस्प्रिंग चाकं सरळ ठेवून, सेंटर करूनच बसवायची, नाहीतर पूर्ण वळणाला केबल तुटू शकते.

पावसाळ्यात दिवा परत लागला, या वेळी कोड डावीकडच्या सीटबेल्ट प्रिटेन्शनरचा (धडकेच्या वेळी बेल्ट आवळून धरतो तो). सीटखालचा पिवळा कनेक्टर, मागे बसणाऱ्यांचे पाय आणि खाली कोंबलेल्या पिशव्या लागून अर्धा निघालेला, आत बारीक धूळ. तीच बॅटरीवाली काळजी घेऊन कॉन्टॅक्ट क्लीनर मारला, लॉक टक्‌ वाजेपर्यंत बसवलं, कोड पुसला, झालं काम.

आता स्कॅनरचं जे आवडलं नाही ते. माझ्या जुन्या मॉडेलला गाडी आपोआप ओळखत नाही, यादीतून शोधावी लागते आणि एकाच नावाची चार-चार मॉडेलं दिसतात, चुकीचं निवडलं तर एसआरएस उघडतच नाही. मे महिन्यात भुसावळच्या उन्हात स्क्रीन अजिबात दिसत नाही, सावलीत उभी करा. केबल आखूड आहे. इग्निशन चालू ठेवून फार वेळ बसलो तर जुनी बॅटरी उतरते आणि मग कमी व्होल्टेजचेच कोड यायला लागतात, त्यामुळे आधी बॅटरी चार्ज करून घ्या. आणि बॅग उडालेल्या गाडीचा क्रॅश कोड हा पुसू शकत नाही, तिथं बहुतेक मॉड्यूलच बदलावं लागतं, जुनी गाडी विकत घेताना एकदा लावून बघायला मात्र एकदम कामाचा.

दोन ओहमचे रेझिस्टर बॉक्समध्ये येत नाहीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात चिल्लर पैशात मिळतात, दोन-तीन आणून ठेवा. कोणाला लाईव्ह डेटाचा मेनू सापडत नसेल तर गाडीचं मॉडेल आणि वर्ष सांगा, मला जेवढं जमलं तेवढं सांगतो.