फुल थ्रस्ट, आठ महिन्यांनंतर: एका पॉइंटाची काटकसर

फुल थ्रस्ट म्हणजे टेबलावर अवकाशनौकांच्या लढाया खेळायचा खेळ. नियम फुकट उतरवून घेता येतात आणि जहाजांच्या जागी शर्टाची बटणं चालतात. माझ्यासारख्या चिक्कू माणसाला आणखी काय हवं? (बटणं नंतर आली. आधी विकतची जहाजं मागवली होती. निम्म्यांचे स्टँड मोडून आले आणि विकणाऱ्याने 'पाठवताना नीट होते' एवढं सांगून विषय संपवला.)

पहिले तीन महिने मजेत गेले. मग माझी क्रूझर मुकी झाली.

आराखडा माझाच होता. मास, म्हणजे जहाजाचं एकूण वजन, ६०. त्यातून हल (जहाजाचं अंग) १८, थ्रस्ट-४ चं (४ ताकदीचं) इंजिन १२, एफटीएल (प्रकाशापेक्षा वेगाने जायची यंत्रणा) ६, एक स्क्रीन (ऊर्जेची ढाल) ३, चिलखत ४. उरलेल्या १७ मध्ये तीन क्लास-३ बीम (मोठ्या किरण-तोफा), दोन पीडीएस (जवळ आलेली क्षेपणास्त्रं पाडणाऱ्या तोफा), दोन क्लास-१ (छोटे बीम) आणि फायरकॉन, म्हणजे तोफांचा नेम धरणारी यंत्रणा, एक. दुसरा फायरकॉन कशाला? नेम तर एकावरच धरायचा होता.

समोर खेळणाऱ्या भाच्याने नऊ नुकसान केलं. चिलखत गेलं, हलची पाच खोक्यांची (एक खोकं म्हणजे एक नुकसान) पहिली ओळ गेली आणि थ्रेशोल्ड, म्हणजे ओळ संपली की होणारी तपासणी, आला. प्रत्येक यंत्रणेसाठी एक फासा, सहा पडला की ती यंत्रणा बंद. सहा नेमका फायरकॉनवर पडला. तिन्ही बीम धडधाकट, हलचे तेरा खोके शाबूत, आणि गोळी एक सुटेना. दुरुस्तीच्या तिन्ही तुकड्या तिथेच लावल्या. चार किंवा जास्त हवे होते. पडले दोन, पुढच्या फेरीत तीन. "मामा, तोफा घेऊन नुसता फेरफटका मारायला निघालास का?"

त्या रात्री हा नियम मूर्खपणाचा आहे असं माझं ठाम मत होतं. दुसऱ्या दिवशी हिशोब मांडला. एकटा फायरकॉन तिन्ही थ्रेशोल्डमधून (दुसऱ्यात पाचलाही, तिसऱ्यात चारलाही यंत्रणा जाते) वाचण्याची शक्यता ५/६ × ४/६ × ३/६, म्हणजे २८ टक्क्यांच्या आत. दोन असतील तर पहिल्याच फटक्यात दोन्ही जाणं छत्तीसात एकदा. आणि एक क्लास-१ काढून (जहाज बांधायच्या खेळातल्या किमतीत ३ पॉइंट) तिथे फायरकॉन बसवला असता (४ पॉइंट) तर खर्च वाढला असता एक पॉइंट. एक! नियम बरोबर होता, कंजूषपणा माझा होता. तरी सांगतो, ही गोष्ट आराखड्याच्या प्रकरणात ठळक छापायला हवी होती.

खेळ सोडला नाही तो बोगींमुळे. बोगी म्हणजे ओळख न पटलेल्या जहाजाची चकती, खाली युद्धनौका असेल, मालवाहू असेल किंवा नुसतीच हूल. अवकाशात लपता येत नाही, म्हणून आधी मी नाक मुरडलं होतं. माणसं जिवंत ठेवायची तर हल ३०० केल्विनच्या आसपास, मागचं आभाळ ३ केल्विनपेक्षाही थंड, म्हणजे ती ऊब दिसणारच. पण काहीतरी आहे एवढंच त्यातून कळतं. काय आहे ते गुलदस्त्यातच राहतं, त्यामुळे माझी हरकत मागे.

आमच्या टेबलावर एक घरगुती नियम आहे, समोरची चकती ओळखायला सक्रिय सेन्सर लावला की स्वतःची चकती आधी उलटायची. मग मी सेन्सर लावायचंच सोडलं आणि वळणं बघत बसलो. वळायला निम्माच थ्रस्ट वापरता येतो, म्हणजे थ्रस्ट-४ वालं जहाज फेरीत (घड्याळाच्या तबकडीवरची) दोनच घरं वळणार. भाच्याची मोठी नौका थ्रस्ट-४, हे मला ठाऊक होतं. त्याच्या पाच चकत्यांतल्या दोन तीन-तीन घरं गर्रकन वळल्या. हुलीला वजन नसतं म्हणून तो त्यांना नाचवत होता. एकही सेन्सर न वापरता दोन चकत्या बाद! त्या लढतीत जिंकलो. आता मात्र तो हुलीसुद्धा बैलगाडीसारख्या हाकतो.

वाढीव सेन्सर विकत घेऊ नका, निदान टेबलाभोवती दोघंच असाल तर. ते पॉइंट फायरकॉनला द्या. माझ्या क्रूझरवर आता दोन आहेत. छोट्या फ्रिगेटवर मात्र अजून एकच, तिथे आणखी चार पॉइंट द्यायला जीव होत नाही.