चिसे, फ्रीरेन की हितोमी: आधी कोण?

"जादू हवी, थोडं प्रेम हवं, पण सारखी हाणामारी नको. निवांत बघता येईल असं काहीतरी सांग ना." ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, बघणाऱ्या कुणालाही ही फर्माईश अधूनमधून येतेच. माझ्याकडे तिची तीन ठरलेली उत्तरं आहेत: 'द एन्शंट मेगस ब्राइड', 'फ्रीरेन: बियॉन्ड जर्नीज एन्ड' आणि 'इरोदुकु: द वर्ल्ड इन कलर्स'. ही तिन्ही उत्तरं देऊन मी शिव्याही खाल्ल्या आहेत. कारण तिन्ही मालिका संथ खऱ्या, पण प्रत्येकीच्या संथपणाचं कारण वेगळं आहे. ते न सांगता नुसतं "बघ, छान आहे" म्हटलं की फसगत होते.

आधीच कबूल करते, माझी लाडकी 'मेगस ब्राइड'. म्हणून तिच्यातल्या सगळ्यात अवघड गोष्टीपासून सुरुवात करू.

मालिका लिलावानं सुरू होते. पंधरा वर्षांची चिसे हातोरी स्वतःच स्वतःला विकायला उभी आहे. कुणीतरी ५० लाख पाउंडांची बोली लावून तिला घेऊन जातो. हा एलायस एन्सवर्थ. अंगावर झकास सूट आणि मानेवर शिंगं असलेली जनावराची कवटी. इंग्लंडमधल्या खेड्यातल्या आपल्या घरी नेऊन तो तिला सांगतो, की तू माझी शिष्या आणि पुढे माझी बायको. इथंच मालिका बंद करणारे मी पाहिले आहेत आणि त्यांना माझा बोल नाही. विकत घेतलेली मुलगी, तिच्याहून कितीतरी मोठा, धड माणूसही नसलेला जादूगार, आणि वर 'वधू' हा शब्द. सुरुवातीचे काही भाग या सगळ्याकडे जरा जास्तच लाडानं बघतात, हेही खरं.

मग तरी का बघायची? कारण ज्या मुलीला आपण जगात असावं असंच वाटत नाही, ती "तू मला हवी आहेस" म्हणणाऱ्या पहिल्या माणसाला चिकटणारच, हे मालिकेला पक्कं ठाऊक आहे. चोवीस भाग ती हाच गुंता सोडवत बसते. चिसेला घरच्यांनी टाकलंय. बापानं धाकट्या भावाला घेऊन घर सोडलं, आईनं तिच्या डोळ्यांदेखत जीव दिला. अशी पोर प्रेम करायला नाही, आधी प्रेम करून घ्यायला शिकते. आणि एलायस? जादूत तो गुरू, भावनांच्या बाबतीत मात्र बालवाडीत. चिसेला एक मैत्रीण मिळते तेव्हा त्याला आत काहीतरी होतं, पण त्याला मत्सर म्हणतात हे त्याला माहीत नसतं. त्यातून तो पुढे जे करू पाहतो ते खरोखर भयंकर आहे, आणि मालिका त्याला पाठीशी घालत नाही. चिसे त्याच्यावर चिडते, पहिल्यांदाच मनापासून चिडते. माझ्या मते या प्रेमकथेची सुरुवात त्या चिडण्यात आहे, लिलावात नाही.

संथपणाचं म्हणाल तर इथला संथपणा जखम भरण्याचा आहे. आइसलंडमधल्या ड्रॅगनांच्या वस्तीत नेव्हिन नावाचा म्हातारा ड्रॅगन मरतो, तो प्रसंग घ्या. मरताना तो चिसेला आपल्या उड्डाणाची आठवण देऊन जातो आणि त्याचं झाड होतं. कितीतरी भागांनंतर त्याच झाडाच्या फांदीतून चिसेची छडी घडते. मधल्या काळात मालिका त्या झाडाचा विसर पडू देत नाही आणि घाईही करत नाही. गुलाबांची बाग राखणारा म्हातारा जोएल आणि त्याच्या घरात त्याला न दिसता राहणारी लानन शी नावाची परी यांची उपकथा तर मी तीनदा पाहिलीय. ती ज्याच्यावर प्रेम करते त्याचं आयुष्य पिऊन टाकते, म्हणून ती "मी प्रेम करतच नाही" असं स्वतःलाच बजावत त्याच्याजवळ बसून राहते. त्याला ती एकदा दिसावी म्हणून चिसे स्वतःच्या तब्येतीची पर्वा न करता लेप बनवते. पुढचं सांगत नाही. आणि हो, घर सांभाळणारी सिल्की पूर्ण मालिकेत तोंडातून शब्द काढत नाही, तरी त्या घरात तिच्याच मनासारखं चालतं. अशी एखादी मावशी प्रत्येकाच्या ओळखीत असते.

दोषही सांगते. शेवटच्या टप्प्यात जुना शत्रू पुढे येतो आणि इतका वेळ दमानं चाललेली गोष्ट एकदम पळू लागते. पहिला सीझन विट स्टुडिओचा, दिग्दर्शक नोरिहिरो नागानुमा. २०२३ चा दुसरा सीझन स्टुडिओ काफ्काचा. त्यात चिसे जादूच्या कॉलेजात जाते आणि पात्रांची एवढी गर्दी होते की मला तर नावं लिहून ठेवावी लागली. पहिल्या २४ भागांवर थांबलात तरी गोष्ट अर्धवट वाटत नाही.

'फ्रीरेन'चा संथपणा उशिरा कळण्याचा आहे. गोष्ट सुरू होते तेव्हा राक्षसांच्या राजाचा पराभव झालेला आहे, वीरांची टोळी घरी परतली आहे. दहा वर्षांचा तो प्रवास हजाराहून अधिक वर्षं जगलेल्या एल्फ फ्रीरेनला फार तर एका दुपारीएवढा. पन्नास वर्षांनी येणारा उल्कावर्षाव पुन्हा एकत्र पाहू, असं ती सहज म्हणून जाते आणि खरोखर पन्नास वर्षांनीच परत येते. नायक हिमेल तोवर टक्कल पडलेला, बुटका म्हातारा झालेला असतो. थोड्याच दिवसांत तो जातो आणि त्याच्या अंत्यविधीत ती रडते, की दहा वर्षं बरोबर असूनही मी याला जाणून घेतलं नाही. हे सगळं पहिल्याच भागात होतं. पुढचा प्रवास म्हणजे त्या थकबाकीची वसुली.

आता प्रेमकथा म्हणून ही बघणार असाल तर सावध करते. इथलं मुख्य प्रेम एका हयात नसलेल्या माणसाशी आहे, आणि तेही न बोललेलं. भाग १४ मध्ये श्टार्क नावाचा तरुण योद्धा फ्रीरेनच्या शिष्येला, फर्नला, वाढदिवसाची भेट म्हणून एक कडं घेतो. त्यावरच्या फुलाचा अर्थ 'शाश्वत प्रेम' होतो, हे त्या बापड्याला ठाऊकच नसतं. मग कळतं, की तेच फूल असलेली अंगठी फ्रीरेननं पूर्वी सहज निवडली होती, आणि हिमेलनं ती गुडघ्यावर बसून तिच्या बोटात घातली होती. तिला अर्थ माहीत नव्हता. त्याला होता का? मालिका सांगत नाही, आणि न सांगण्यातच तिची सगळी ताकद आहे. ज्यांना पडद्यावर दोघं समोरासमोर बसून भांडलेली, रुसलेली, बदललेली हवी आहेत, त्यांची भूक यावर भागत नाही. फर्न आणि श्टार्कची लुटुपुटुची भांडणं गोड आहेत, पण ती चटणीपुरती.

पात्रांच्या वाढीच्या बाबतीत मात्र 'फ्रीरेन' सरस. ती जमवत फिरते ती जादू बघा: ब्राँझच्या पुतळ्याचा गंज काढायची, गोड द्राक्षं आंबट करायची, फुलांचं शेत फुलवायची. हिमेलच्या गावाकडचं एक निळं फूल शोधायला ती महिनोन् महिने एका जागी थांबते, आणि शिष्या फर्न वैतागते. बिनकामाच्या गोष्टींना वेळ देणं म्हणजेच माणसाला वेळ देणं, हे कुठंही भाषण न ठोकता पोचतं. मॅडहाउस स्टुडिओचं काम आणि इव्हान कॉलचं संगीत यांत बोट ठेवायला जागा नाही. कुरकुर एकच: पहिल्या सीझनच्या शेवटच्या दहाएक भागांतली जादूगारांची परीक्षा. वाईट नाही, पण जी निवांतता बघून तुम्ही आलात ती तिथं पातळ होते. माझ्या भावाला नेमका तोच भाग सगळ्यात जास्त आवडला, तेव्हा यावर माझा शब्द शेवटचा मानू नका.

'इरोदुकु'बद्दल थोडक्यात. २०७८ सालची सतरा वर्षांची हितोमी, जिला रंग दिसेनासे झालेत, तिला तिची आजी जादूनं २०१८ च्या नागासाकीत पाठवते. तिथं आजी स्वतः शाळकरी मुलगी आहे, आणि युइतो नावाच्या मुलाच्या चित्रात हितोमीला अचानक रंग दिसतात. पी. ए. वर्क्स स्टुडिओनं नागासाकीचे चढउतार, बंदर, संध्याकाळचे दिवे इतके सुंदर रंगवलेत की कधी कधी गोष्टीपेक्षा भिंतींकडेच लक्ष जातं. जादू इथं रोजच्या वापरातली, दुकानात विकत मिळणारी. मधले चार-पाच भाग शाळेच्या क्लबातल्या लुटुपुटुच्या अडचणींत रेंगाळतात. आजी आणि नात मैत्रिणी होतात हा धागा प्रेमकथेपेक्षा चांगला जमलाय.

वेळेचा हिशेब करायचा तर 'इरोदुकु'चे १३ भाग सव्वापाच तासांत संपतात, 'मेगस ब्राइड'चा पहिला सीझन साडेनऊ तासांच्या आसपास, 'फ्रीरेन'चा पहिला सीझन सव्वाअकरा. शनिवार-रविवार एवढाच वेळ असेल तर प्रश्नच नाही, हितोमी. ॲनिमे कधीच पाहिलं नसेल, किंवा आईबरोबर बसून बघायचं असेल, तर फ्रीरेन. लिलावाचं दृश्य आईला समजावत बसण्याचा अनुभव मी घेतलाय, तुम्ही नका घेऊ. नुकतंच जवळचं कुणी गेलं असेल तर मात्र फ्रीरेनचा पहिला भाग अंगावर येऊ शकतो, थोडं थांबा. चिसेच्या गोष्टीत आत्महत्येचे संदर्भ आहेत, तेही आधी माहीत असलेले बरे.

आणि प्रेम हेच मुख्य हवं असेल, सोपं नसलेलं, दोन्ही बाजूंनी चुका करत शिकलेलं, तर चिसे. निदान पाच भाग द्या. तीन भागांवर निकाल लावायची मालिका नाही ती.

एक मात्र करा. यातली कोणतीही निवडलीत तरी जपानी आवाजातच बघा. चिसे आणि फ्रीरेन या दोघींचा आवाज एकाच बाईंचा आहे, अत्सुमी तानेझाकी. चिसेच्या तोंडी तो आवाज माफी मागितल्यासारखा दबकत येतो, फ्रीरेनच्या तोंडी नुकतीच झोपेतून उठल्यासारखा, कशाचीच घाई नसलेला. मला हे दोन्ही मालिका संपल्यावर कळलं, आणि मी परत लिलावापाशी जाऊन बसले.